मेल येतो, पण जात नाही: बिघाडातून इतिहास कसा वाचायचा

भारतात इंटरनेट कधी आलं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: १५ ऑगस्ट १९९५. त्या दिवशी विदेश संचार निगम लिमिटेडने, म्हणजे व्हीएसएनएलने, मुंबईसह चार महानगरांत ही सेवा सर्वसामान्यांना खुली केली. जरा जास्त वाचलेला विद्यार्थी एर्नेटचं नावही घेतो. पवईची आयआयटी आणि जुहूचं नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी यांच्यात १९८० च्या दशकातच मेलची ये-जा सुरू झाली होती, हेही सांगतो. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत.

आता प्रश्न थोडा बदलूया. भिवंडीत इंटरनेट कधी आलं?

इथे अडचण होते. भिवंडीसाठी अशी उद्घाटनाची एक तारीख सांगता येत नाही, आणि समजा सापडली तरी तिच्यावरून फारसं कळणार नाही. सेवा उपलब्ध होणं आणि घरातल्या संगणकावरून मेल जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीची तारीख सरकारी कागदात मिळते. दुसरीचा पुरावा मिळतो तो बिघाडात: न लागलेला फोन, एरर नंबर, अडकलेला मेल. डेव्हिड एजर्टन या इतिहासकाराने ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या २००६ च्या पुस्तकात असं मांडलंय की तंत्रज्ञानाचा इतिहास शोध कधी लागला यावर अडकून राहतो आणि वापर, देखभाल, दुरुस्ती मागे पडतात. हाच मुद्दा घेऊन आपण घरगुती संगणकातल्या मेलच्या बिघाडांकडे साधन म्हणून बघूया. ज्यांना समकालीन इतिहासावर काम करायचंय, त्यांना ही पद्धत इतर विषयांतही वापरता येईल.

फोनच्या नकाशावरची भिवंडी

सुरुवात संगणकापासून नाही, टेलिफोनपासून करायची. कारण तेव्हाचं इंटरनेट म्हणजे मोडेमने लावलेला फोन कॉल.

मुंबईच्या फोनसाठी १९८६ मध्ये एमटीएनएल ही कंपनी स्थापन झाली. तिच्या हद्दीत मुंबई, नवी मुंबई आणि ठाणे शहर. कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे आलात की हद्द संपली. भिवंडी होती दूरसंचार खात्याच्या कल्याण विभागात. १ ऑक्टोबर २००० पासून तीच व्यवस्था बीएसएनएल झाली. मुंबईचा कोड ०२२, भिवंडीचा ०२५२२. रस्त्याने ठाणं अगदी जवळ, कापडाचा व्यवहार रोजचा मुंबईच्या बाजारांशी, पण फोनच्या नकाशावर हे परगाव.

याचा परिणाम बघा. १९९५ साली व्हीएसएनएलचा मोडेम मुंबईत होता. मुंबईतल्या ग्राहकाला तो स्थानिक कॉल, भिवंडीतल्याला कोड लावून केलेला बाहेरचा कॉल. वैयक्तिक टीसीपी/आयपी खात्याची फी होती १५,००० रुपये, आणि वेग ९.६ केबीपीएस. आता साधं गणित करा. कापडाच्या डिझाइनचा १ एमबीचा स्कॅन या वेगाने पाठवायला, वाटेत एकदाही लाइन तुटली नाही असं धरलं तरी, साडेचौदा मिनिटं लागतात. तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला आणि कॉलचं मीटर चालू. हा कॉल कोणत्या दराच्या टप्प्यात पडायचा, पल्स किती सेकंदांची होती, हे त्या-त्या वर्षीच्या टेलिफोन बिलांत आणि डिरेक्टरीत शोधायचं. म्हणून घरातली जुनी बिलं ही इंटरनेटच्या इतिहासाची पहिल्या दर्जाची साधनं आहेत, आणि ती कुणी जपून ठेवत नाही.

लेटरहेड हे दुसरं साधन. एखाद्या यंत्रमाग कारखान्याच्या लेटरहेडवर ‘जीआयएएसबीएम०१ डॉट व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन’ असा मेलचा पत्ता दिसला, तर तो तोडून वाचा. जीआयएएस म्हणजे व्हीएसएनएलच्या सेवेच्या नावाची आद्याक्षरं, बीएम म्हणजे बॉम्बे, ०१ हा मशीनचा क्रमांक. शहराचं अधिकृत नाव १९९५ मध्येच मुंबई झालं, पण सेवा त्याआधी सुरू झाली होती. पत्त्यात बॉम्बे राहून गेलं. भिवंडीच्या कारखान्याच्या कागदावर बॉम्बेच्या मशीनचा पत्ता, म्हणजे मेल प्रत्यक्षात कुठे उतरायचा ते कळलं. तो बॉम्बेतच पडून राहायचा आणि भिवंडीतून फोन लावून उचलावा लागायचा. फोन नंबरच्या आधी ९५२५२२ छापलेलं असेल, तर तो कागद बहुधा २००० नंतरच्या काही वर्षांतला. तेव्हा राज्यातल्या जवळच्या गावांना शून्याऐवजी ९५ लावून फोन करायची सोय होती.

एरर नंबर सांगतो दोष कुणाचा

मेल चालत नसला की जाणता माणूस खालून वर तपासत जातो. आधी वीज आहे का? मग फोनला टोन आहे का? मग नंबर लागतो का? मग पासवर्ड चालतो का? मग मेलचा सर्व्हर सापडतो का? विंडोजचे एरर नंबर याच पायऱ्यांचे आहेत. ६८० म्हणजे डायल टोनच नाही. ६७६ म्हणजे लाइन बिझी. ६७८ म्हणजे समोरून उत्तर नाही. ६९१ म्हणजे समोरच्याने फोन उचलला, पण नाव किंवा पासवर्ड नाकारला. त्यापुढे आउटलुक एक्सप्रेसचे सॉकेट एरर: ११००१ म्हणजे सर्व्हरचं नावच सापडलं नाही, १००६० म्हणजे नाव सापडलं, पण ठरल्या वेळात उत्तर आलं नाही.

आता हेच इतिहासकाराच्या नजरेने वाचा. प्रत्येक पायरीमागे एक वेगळी संस्था आहे. वीज: आधी राज्य विद्युत मंडळ, जून २००५ मध्ये त्याच्या विभाजनानंतर महावितरण, आणि २६ जानेवारी २००७ पासून भिवंडीत फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवर. टोन: दूरसंचार खातं, नंतर बीएसएनएल. नंबर आणि पासवर्ड: व्हीएसएनएल, आणि १९९८ च्या अखेरीला खासगी कंपन्यांना परवानगी मिळाल्यावर सत्यमसारख्या कंपन्या. संगणक: बहुतेकदा लॅमिंग्टन रोडच्या सुट्या भागांतून जोडलेला. मेलचा प्रोग्राम: मायक्रोसॉफ्ट. आणि या सगळ्यांच्या मध्ये बसलेला घरचा माणूस. कुठलीही एक संस्था बाकीच्यांचा दोष स्वतःवर घेत नाही. लाइनमन म्हणतो टोन आहे, आमचं काम झालं. इंटरनेट कंपनीवाला म्हणतो आमचा सर्व्हर चालू आहे, तुमचा मोडेम बघा. मोडेम विकणारा म्हणतो लाइनमध्ये खरखर आहे. हे सगळे आपापल्या जागी खरं बोलत असतील. पण यांना एकत्र जोडायचं काम कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं. ते घरातल्या कुणीतरी केलं, पगाराशिवाय, आणि म्हणून कुठल्याच वार्षिक अहवालात ते दिसत नाही.

मुलाखती घेताना ‘तुमच्याकडे इंटरनेट कधी आलं?’ असं विचारू नका. ‘बंद पडलं की घरात कुणाला हाक मारायचात?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला अंदाजे वर्ष मिळतं. दुसऱ्याला माणसं मिळतात.

एक सावधगिरी मात्र हवी. नंबर तोच राहतो, अर्थ बदलतो. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने डेटावन ब्रॉडबँड सुरू केलं आणि फोन लावायची भानगड संपली. तरी ६७८ आणि ६९१ हे एरर विंडोजमध्ये दिसतच राहिले. डायल-अपच्या काळात ६७८ म्हणजे समोरच्या मोडेमने फोन उचलला नाही. ब्रॉडबँडमध्ये फोन लावलाच जात नाही. तिथे ६७८ म्हणजे एक्स्चेंजच्या बाजूच्या उपकरणाकडून उत्तर आलं नाही. बरेचदा कारण साधं असतं: मोडेमवरचा एडीएसएलचा दिवा स्थिर नसतो, किंवा मागची वायर निघालेली असते, किंवा फोनला जोडायचा फिल्टर चुकीच्या जागी असतो. मोडी कागदात एकच शब्द दोन काळांत वेगळ्या अर्थाने येतो, तसंच हे. नंबर वाचण्याआधी जोडणी कोणती होती ते ठरवा.

मेल येतो, पण जात नाही

आता शीर्षकातल्या तक्रारीकडे येऊ. आलेले मेल दिसतात, पण पाठवलेला मेल आउटबॉक्समध्येच बसून राहतो. वापरणाऱ्याला वाटतं, लाइन एकच, पासवर्ड एकच, मग एक चालतं आणि दुसरं का नाही?

कारण मेल आणणं आणि पाठवणं ही दोन वेगळी यंत्रं आहेत, आणि त्यांची वयंही वेगळी आहेत. मेल पाठवायचा एसएमटीपी हा नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिला. तेव्हा जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि संस्था होत्या, त्यामुळे पाठवणाऱ्याला पासवर्ड विचारायची सोयच त्यात नव्हती. कुणीही कुणाच्याही सर्व्हरमार्फत मेल पुढे ढकलू शकायचा. मेल उचलायच्या पॉप या नियमाला मात्र पहिल्यापासून नाव आणि पासवर्ड लागायचा, कारण पेटी कुणाची हे ठरवणं भाग होतं.

१९९० च्या दशकात फुकट्या जाहिरातींच्या मेलचा पूर आला आणि सर्व्हर चालवणाऱ्यांनी दरवाजे बंद करायला सुरुवात केली: आमच्या लाइनवरून येणाऱ्यांचेच मेल पुढे जातील. आता भिवंडीतलं घर डोळ्यांसमोर आणा. मेलचा पत्ता व्हीएसएनएलचा, कारण तो लेटरहेडवर छापून झालाय. पण लाइन आता दुसऱ्या कंपनीची, कारण ती स्वस्त पडते. पासवर्ड दिल्यावर पेटी उघडते, मेल येतो. पाठवताना व्हीएसएनएलचा सर्व्हर बघतो की हा माणूस परक्या लाइनवरून आलाय, आणि ५५० क्रमांकाचं उत्तर देऊन मेल नाकारतो. उपाय: पाठवायच्या रकान्यात आता ज्याची लाइन आहे त्या कंपनीच्या सर्व्हरचं नाव टाकायचं.

या कारणाने आलेल्या तक्रारीला काळाची एक मर्यादा आपोआप मिळते. देशात एकच कंपनी लाइन देत होती तोवर ‘पत्ता एकाचा, लाइन दुसऱ्याची’ ही स्थितीच येत नव्हती. म्हणजे अशा तक्रारीचा कागद सापडला, तर तो १९९८ च्या अखेरीआधीचा असणं अवघड. पुढचे थरही असेच वाचता येतात. पाठवतानाही पासवर्ड द्यायची सोय मार्च १९९९ च्या नियमाने आली. आउटलुक एक्सप्रेसमध्ये त्यासाठी सर्व्हर्सच्या पानावर एक वेगळी खूण करावी लागायची आणि ती हमखास राहून जायची. पुढे कंपन्यांनी घरगुती लाइनवर पोर्ट २५ अडवलं आणि ५८७ वापरा असं सांगायला सुरुवात केली. आणि ३० मे २०२२ पासून गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी जुन्या प्रोग्राममधला नुसता नाव-पासवर्डचा मार्ग बंद केला. तक्रार प्रत्येक वेळी त्याच शब्दांत येते, कारण प्रत्येक वेळी वेगळं. उपाय कोणता केला हे नोंदलेलं असेल, तर कागदावर तारीख नसतानाही काळ ठरवता येतो. शिलालेखाचा काळ अक्षरवळणावरून ठरवतात, तसाच हा तर्क आहे.

एकच मेल तीनदा का आला?

समजा, एखाद्या व्यापाऱ्याच्या जुन्या संगणकात एकाच मेलच्या तीन प्रती दिसल्या. घाई केली तर तुम्ही लिहाल: ‘पैशासाठी तगादा लावणारं पत्र तीनदा पाठवलं गेलं, यावरून संबंध ताणलेले दिसतात.’ थांबा.

पॉपचा नियम असा आहे की मेल उतरवून झाल्यावर प्रोग्रामने सर्व्हरला रीतसर निरोप दिला, तरच सर्व्हर आपल्याकडची प्रत पुसतो. निरोप देण्याआधी लाइन तुटली तर काहीच पुसलं जात नाही. पुढच्या वेळी तेच मेल पुन्हा उतरण्याची शक्यता राहते. तीन प्रती म्हणजे कदाचित तगादा नाही, दोनदा तुटलेली लाइन. वीज गेली असेल, पावसात केबलमध्ये पाणी शिरलं असेल, किंवा घरात कुणीतरी समांतर जोडलेला फोन उचलला असेल. खात्री कशी करायची? तिन्ही प्रतींची वरची तांत्रिक माहिती उघडा. मेसेज आयडी तोच असेल तर मेल एकच आहे. आयडी वेगळे असतील तर मात्र पाठवणाऱ्याने खरोखर पुन्हा पाठवलाय, आणि तुमचं पहिलं वाक्य टिकेल.

तारखेचंही तसंच. मेलवरची तारीख पाठवणाऱ्याच्या संगणकाने टाकलेली असते. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली की वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं आणि मेलवर अनेक वर्षांपूर्वीची तारीख पडते. विंडोज बसवताना वेळेचा विभाग निवडला नाही, तर तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहतो. म्हणून भिवंडीतून गेलेल्या मेलवर उणे ०८०० दिसलं की माणूस अमेरिकेत होता असं समजू नका. वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरने मारलेले शिक्के बघा. ते खालून वर वाचायचे. सगळ्यात खालचा सहसा सगळ्यात आधीचा. पाकिटावर लिहिलेल्या तारखेपेक्षा पोस्टाच्या शिक्क्यावर जास्त भरवसा ठेवतो, तोच न्याय इथे.

आणि मजकुराच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरं दिसली, तर फाइल खराब झाली असं लगेच ठरवू नका. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर शिवाजी, श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये लिहिला जायचा. फॉन्ट नसेल तर तोच मजकूर रोमन कचऱ्यासारखा दिसतो. तो वाचता येतो, योग्य फॉन्ट मिळवायला हवा.

एका चौकटीने ठरवलेला दप्तरखाना

इथवरचं सगळं मेल सापडले तर. पण सापडतील का? माझ्या मते या विषयातला सगळ्यात निकडीचा प्रश्न हाच आहे.

आउटलुक एक्सप्रेसमध्ये खात्याच्या सेटिंगच्या शेवटच्या पानावर एक चौकट होती: मेलची प्रत सर्व्हरवर ठेवा. ती मुळात रिकामी असायची. म्हणजे मेल घरच्या संगणकावर उतरला की कंपनीच्या सर्व्हरवरून पुसला जायचा. आता त्याची आलेली प्रत जगात एकाच ठिकाणी: त्या घरातल्या हार्ड डिस्कवर. सर्व्हरवर जागा थोडी असायची, त्यामुळे ही रचना शहाणपणाची होती. पण इतिहासाच्या दृष्टीने बघा. १९९७ ते २००७ या दहा वर्षांत ज्यांनी हा प्रोग्राम वापरला, त्यांचा पत्रव्यवहार कंपनीकडेही नाही आणि सरकारकडेही नाही.

त्यात आणखी एक गोष्ट. विंडोज एक्सपीमध्ये हे मेल डीबीएक्स नावाच्या फायलींत, एका लपवलेल्या फोल्डरमध्ये असायचे. संगणक फॉरमॅट करण्याआधी माणूस ‘माय डॉक्युमेंट्स’ची सीडी काढून घ्यायचा आणि निश्चिंत व्हायचा. मेल त्या सीडीत नसायचे. फोटो वाचले, बिलांच्या एक्सेल फायली वाचल्या, पत्रं गेली. याच्या उलट, हॉटमेल किंवा रेडिफमेल ब्राउझरमध्ये उघडणाऱ्याचे मेल घरच्या डिस्कवर उतरतच नसत; त्यांचं नशीब कंपनीच्या हातात. कोणत्या काळातलं काय टिकलं, हे ठरवताना कुणी जपलं यापेक्षा कुणी कोणता प्रोग्राम वापरला हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

भिवंडीच्या बाबतीत हे जास्त बोचतं. या गावावर लिहिलेलं पुष्कळसं साहित्य यंत्रमाग, कामगार, दंगली आणि आता गोदामं यांच्याबद्दल आहे. सुताचे भाव, डिझाइनची देवाणघेवाण, थकलेली बिलं, सुरत-मालेगावशी चाललेला संवाद, हे रोजचं बोलणं आधी टपालात होतं, मग फोनवर हवेत गेलं, आणि मधली काही वर्षं मेलमध्ये उतरलं. ती वर्षं आता भंगाराच्या वजनाने विकली जातायत.

जुना संगणक हाती लागला तर

कुणी विश्वासाने जुना संगणक दाखवला, तर पहिली गोष्ट: तो सुरू करू नका. नुसता चालू केला तरी विंडोज शेकडो फायलींच्या तारखा बदलतं. आउटलुक एक्सप्रेस उघडला तर तो फोल्डर आवळायचं विचारू शकतो. ‘हो’ म्हटलं की पुसलेले पण अजून शिल्लक असलेले मेल कायमचे जातात. डिस्क काढा, लिहिण्यापासून रोखणाऱ्या अडॅप्टरने जोडा, संपूर्ण डिस्कची प्रतिमा घ्या आणि काम त्या प्रतीवर करा. डीबीएक्स वाचणारी मोफत साधनं मिळतात.

दुसरी गोष्ट: परवानगी. संगणक एकाचा असला तरी आत पत्रं दोघांची असतात. डिस्क देणाऱ्याची संमती मिळाली, म्हणजे समोरच्याची मिळाली असं होत नाही. नावं झाका, खासगी मेल बाजूला ठेवा, पासवर्ड दिसले तर नोंदवू नका. प्रबंधात उद्धृत करण्याआधी मार्गदर्शकांशी आणि शक्य असेल तर कुटुंबाशी बोला.

तिसरी गोष्ट: डिस्कबरोबर कागदही मागा. टेलिफोनची बिलं, मोडेमचं खोकं, कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलेली सेटिंग. मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर सर्व्हरचं नाव, पोर्ट नंबर आणि लाइनमनचा फोन एकत्र लिहिलेला असेल, तर वर सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या त्या एका कागदावर आल्या. त्याचा फोटो काढा, कुणाच्या अक्षरातली चिठ्ठी आहे ते विचारा आणि त्या व्यक्तीची मुलाखत सगळ्यात आधी घ्या.

सरावासाठी एक काम सुचवतो. आपल्या गावातल्या एखाद्या दुकानाचं किंवा कारखान्याचं २००० च्या आसपासचं लेटरहेड मिळवा. त्यावरचा फोन कोड, नंबरचे आकडे, मेलचा पत्ता एवढ्यावरून तो कागद कोणत्या वर्षांच्या मधला असेल ते ठरवा, प्रत्येक अनुमानासमोर कारण लिहा, आणि मगच मालकाला विचारा. तुमचं उत्तर आणि त्यांचं उत्तर जिथे जुळणार नाही, तिथून प्रश्न तयार करायला सुरुवात करा.